झाडावर महापालिकेची तोडायची नोटीस लागली तर साध्या नागरिकाला काही करता येतं का?

येतं, नक्की येतं. आपल्याकडे 1975 चा झाडं वाचवायचा कायदा आहे, त्यानुसार प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं, आयुक्त त्याचे अध्यक्ष आणि संस्थांमधले झाडांचे जाणकारसुद्धा त्यात असायला हवेत. हे जाणकार खूप महत्त्वाचे बरं का, 2018 मध्ये मुंबईच्या प्राधिकरणात ते नव्हते म्हणून हायकोर्टाने प्राधिकरणाच्या कामकाजालाच स्थगिती दिली होती.

तर आधी नोटीसचा फोटो काढा, त्यात मुदत दिलेली असते, तेवढ्यात उद्यान विभागात लेखी हरकत द्या आणि पोच घ्याच. नुसतं "झाड तोडू नका" लिहून भागत नाही, झाड कुठलं, बुंध्याचा घेर किती, त्यावर घरटी आहेत का, फांद्या छाटून काम होईल का, हे सगळं लिहा. झाड 50 वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते ठळक लिहा, 2021 च्या दुरुस्तीत अशा झाडांना हेरिटेज मानलंय. एकट्याने देण्यापेक्षा सोसायटीतल्या चारपाच जणांनी वेगवेगळी हरकत दिलेली बरी, आणि सुनावणीला बोलावलं तर प्लीज जाच, तिथे बहुतेक वेळा कोणी फिरकतच नाही हो.