बंद पडलेला चर्चेचा कट्टा हलवायचा तर

भावा, कट्टा परत सुरू करतोयस, चांगलंय. पण सगळ्यांना एकदम 'या' म्हणून मेसेज टाकू नकोस. त्याला अंगठे येतात, माणसं येत नाहीत. जुन्यांतल्या चार-पाच बोलक्या मंडळींना एकेकट्याला फोन कर आणि प्रत्येकाच्या गळ्यात एखादं काम अडकव.

विषय असा घे की गप्प बसणं अवघड जाईल. 'वाचनाचं महत्त्व' वगैरे ठेवलंस की जांभया सुरू. त्यापेक्षा आपल्या कोल्हापूरची हद्दवाढ घे, म्हणजे शेजारची गावं शहरात घ्यायची की नाही. 1972 ला महापालिका झाली तरी हा वाद काही मिटत नाही. शहरातला एक आणि पाचगाव-उचगावातला एक समोरासमोर बसव, तुला तोंड उघडावंच लागणार नाही. शाहू महाराजांचा 1902 चा आरक्षणाचा जाहीरनामाही चालेल, फक्त मूळ मजकूर छापून आण. नाहीतर ऐकीव गोष्टींवरच तास जातो.

वार-वेळ एकदा ठरली की बदलायची नाही, तिघंच आले तरी बसायचं. नवख्याला निदान एकदा बोलतं कर. अध्यक्ष, सचिव असलं आत्ता नकोच. आपल्याकडं पदं वाटली की आधी गट पडतात. आणि मिसळ चर्चेनंतर. आधी गेलात तर निम्मे तिथूनच घरी जातात.