रानमोडी, घाणेरी आणि रिकामा खिसा

पावसाला उसंत मिळाली की गोव्यातून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. जुलैत सुपारीच्या कोळेरोगाने हैराण झालेले वाचक आता डोंगराकडे वळतात आणि तिथे माजलेला रानमोडी-घाणेरीसारख्या तणझुडपांचा झाडोरा पाहून पुन्हा हैराण होतात. त्यातले काही प्रश्न इथे घेतो.

वाळपईजवळ वडिलोपार्जित सहा हजार चौरस मीटर डोंगर आहे. दहा वर्षांत कुणी फिरकले नाही, रानमोडी डोक्यावर गेली आहे. जेसीबीवाला म्हणतो दोन दिवसांत सपाट करून देतो. पैसे बेताचेच आहेत. हो म्हणू का? (सत्तरी)

नको म्हणा. मी एकदा हो म्हटले होते. दोन दिवसांत डोंगर खरोखरच चकचकीत झाला, शेजारी बघायला आले. जूनच्या पहिल्या दोन पावसांत वरची माती ओहळात गेली आणि खालचा जांभा दात विचकू लागला. पुढच्या दिवाळीपर्यंत रानमोडी परत कमरेला लागली, आणि आता तिच्या वाटेत एकही कुडा की करवंद उरले नव्हते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा पावसात उताराची माती उघडी टाकणे परवडत नाही.

रानमोडीला हवे असते ऊन. सावली दाट झाली की ती आपोआप रोडावते. म्हणून सगळे एकदम साफ करायचे नाही. जिथे थोडीफार चांगली झाडी शिल्लक आहे, त्या कडेपासून सुरुवात करा आणि दाट रानमोडीकडे सरका. सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी तिथल्या रानात हीच रीत वापरली होती. पहिल्या वर्षी हजार-दीड हजार चौरस मीटर पुरे. पैशांचेही तसेच: शंभर रुपये असतील तर यंदा पन्नासच खर्च करा. तीस पुढच्या वर्षासाठी आणि वीस त्याच्या पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवा. जमिनीत पडलेले बी पुढची काही वर्षे उगवत राहते, आणि दुसऱ्या वर्षी कामेऱ्यांना द्यायला पैसे नसले तर पहिल्या वर्षीचे गेलेच म्हणून समजा.

वेळ हीच: सप्टेंबर, ऑक्टोबर. माती ओली असते, वीतभर रोप दोन बोटांनी मुळासकट निघते, मोठे झुडूप कुदळीने हलवून उपटता येते. कोयत्याने वरवर छाटलेत तर बुंध्यातून चार फुटवे येतील. रानमोडी डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि त्यानंतर तिचे केसाळ बी वाऱ्यावर डोंगरभर पसरते, तेव्हा फुलण्याआधी हात फिरला पाहिजे. उपटलेली झुडपे मुळे वर करून तिथेच आडवी टाका. उताराला आडव्या ओळी लावल्यात तर माती अडेल. फुलाआधीचा पाला कुळागरात (सुपारीच्या बागेत) आळ्याभोवती घालायलाही उत्तम.

कामाला माणसे लावण्याआधी एक दिवस स्वतः फिरा आणि जे ठेवायचे त्याला चिंधी बांधा: कुडा, पिटकुळी, करवंद, चाराचे झाड, भेडस, जांभळीची रोपे. रानमोडीची खूण सोपी आहे. पाने समोरासमोर, त्रिकोणी, देठापाशी तीन शिरा त्रिशूळासारख्या फुटलेल्या आणि चुरगळले की उग्र वास. चिंधी बांधली नाहीत तर संध्याकाळपर्यंत सगळे सरसकट कापलेले असेल, आणि त्यात कामेऱ्यांची चूक नसेल.

काजूच्या मोसमाआधी पाचोळा जाळून टाकला तर मजुरी वाचते. आमचे आजोबा तसेच करायचे. (काणकोण)

आजोबांच्या वेळी डोंगरावर रानमोडीचा एवढा पसारा नव्हता. वाळलेली रानमोडी पेट्रोलसारखी भडकते, आणि मार्च महिन्यात वाऱ्याला तुमच्या भाटाची (बागायतीची) सीमा कळत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात लागलेल्या आगी आठवत असतील. शिवाय आगीनंतर मोकळ्या झालेल्या राखेच्या जमिनीवर पहिली कोण उगवते, तर रानमोडीच. काजूच्या बुंध्याभोवती दोन मीटरचे गोल ऑक्टोबर-नोव्हेंबरात साफ करून घ्या. बोंडू वेचायला तेवढे पुरते, बाकी पाचोळा जमिनीचाच आहे.

लवकर काम उरकण्याला आणखी एक कारण आहे, आणि सत्तरीकरांना ते सांगायला नको. तिथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. तो गोचिडींमुळे पसरतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे असतो, म्हणजे नेमका काजूचा काळ. पूर्ण बाह्या, पायमोजे पँटवर ओढलेले, अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल, आणि घरी येताच गरम पाण्याने आंघोळ. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

तणनाशक मारले तर? (फोंडा)

कुळागराच्या वर मारलेले खाली झरीत आणि विहिरीत उतरते. ग्लायफोसेटची फवारणी ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांनीच करायची आहे, आणि पॅराक्वॅट पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. हजार चौरस मीटरसाठी हे धाडस कशाला?

घाणेरी तोडली की दुप्पट फुटते. पण तिच्यावर फुलपाखरे येतात म्हणून मुलगी तोडू देत नाही. (डिचोली)

मुलीचे खरे आहे, फुलपाखरे येतात. बुलबुलही येतात आणि तिची काळी फळे खाऊन बी सगळ्या डोंगरावर पेरतात, तिथेच घोटाळा होतो. गुरांनी पाला खाल्ला तर कावीळ होते आणि उन्हाने कातडी भाजल्यासारखी होते.

दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाणेरीसाठी एक साधी पद्धत बसवली. खोड जमिनीच्या वर कापायचे नाही. माती थोडी बाजूला करून, जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर मुख्य मूळ कुदळीच्या घावाने तोडायचे. फुटवे येणारा भाग त्यातच निघून जातो. मग झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे मातीचा स्पर्श होऊन पुन्हा रुजत नाही. अवजार म्हणून फक्त कुदळ लागते, पण पहिले वीस-पंचवीस घाव तुमच्यासमोर होऊ द्या, कारण मजूर सवयीने वरच कापतो. पुढच्या दोन पावसाळ्यांत मोठ्या झाडांखाली, पक्षी बसतात तिथे, कोवळी रोपे शोधून काढा. मुलीसाठी दारात पिटकुळी आणि दिंडा लावा. फुलपाखरे त्यांच्यावरही येतात.

आमच्या भाटात अकेशियाची (ऑस्ट्रेलियन बाभळीची) पन्नासेक झाडे आहेत. खाली काहीच उगवत नाही. तोडून विकली तर सफाईचा खर्च निघेल का? (केपे)

निघू शकतो, लाकूड जळणाला जाते. पण आधी कागद. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे झाड तोडायला वन खात्याची परवानगी लागते आणि लाकूड वाहून न्यायलाही. तुमची जमीन खासगी वन म्हणून नोंदलेली असेल तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचे होते, म्हणून सर्वे क्रमांक घेऊन रेंज कार्यालयात जा आणि ठेकेदाराशी बोलणे त्यानंतर करा. सगळी एकदम पाडू नका. दरवर्षी पंधरा-वीस पाडा आणि त्या फटीत भिरंड (कोकम), जांभूळ लावा. अकेशियाची कोवळी रोपे मात्र आजच हाताने उपटायला हरकत नाही, ती शेकड्यांनी येतील.

ब्रशकटर या झुडपे छाटण्याच्या यंत्राचे अनुदान विचारणाऱ्या तिघांना एकच सांगणे: कृषी कार्ड घेऊन विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा. मात्र ब्रशकटर छाटतो, उपटत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कामाचा.

शेळ्या सोडल्या तर रानमोडी खातील का? (पेडणे)

नाही. तिला सोडून तुमची करवंदे आणि काजूची कोवळी रोपे आधी खातील.