आजीची पाटली आणि बुटांचा प्रश्न

ताई,
मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ चालू असताना माझ्या मुलाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आपली विमानं पडली का, ते सरकार सांगत का नाही?’ माझा भाऊ फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालाय. त्याने भाच्याला सगळ्यांसमोर देशद्रोही म्हटलं. तेव्हापासून मामा-भाच्यांचा अबोला आहे. भाऊबीजसुद्धा कोरडी गेली. चूक कोणाची?
– एक वाचक, भांडुप

भाऊबीज कोरडी गेली हे वाचून वाईट वाटलं, आणि आमची गिरगावातली आजी आठवली.

१९६२ साली मी आठ वर्षांची होते. चीनशी लढाई जुंपली होती. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी दागिने गोळा करायला माणसं चाळीत आली. आजीने साबण लावून एक पाटली काढली (दुसरी काही केल्या निघेना) आणि ताटात ठेवली. ठेवता ठेवता ताट धरणाऱ्याला म्हणाली, “आमच्या पोरांना बर्फात धड बूट नाहीत म्हणे. त्यांना तसं वर पाठवलं कोणी?” तो बिचारा काय सांगणार! आजोबा लाजून घरात गेले. पाटली मात्र आजीने परत मागितली नाही.

तिचा प्रश्न खोटा नव्हता. जवानांकडे त्या थंडीला पुरतील असे कपडे-बूट नव्हते. दिल्लीतही तेच विचारलं जात होतं. राज्यसभेतल्या तरुण अटलबिहारी वाजपेयींनी अधिवेशन बोलवा म्हटलं, नेहरूंनी ते लांबवलं नाही. ८ नोव्हेंबरला संसद बसली तेव्हा युद्ध चालू होतं. चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली ती २१ तारखेला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं. त्यांना घालवण्यात काँग्रेसचे स्वतःचे खासदार पुढे होते. मग आपले यशवंतराव दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण कौतुकाने सांगतो; मुळात जागा रिकामी का झाली, ते सांगत नाही. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र सरकारने कपाटातच ठेवला. मला ते पटत नाही.

कारगिलनंतर बरं झालं. २९ जुलै १९९९ ला के. सुब्रह्मण्यम समिती नेमली आणि पुढच्या फेब्रुवारीत तिचा अहवाल संसदेत ठेवला. गोपनीय मजकूर गाळून, पण ठेवला.

आता तुमचा मुलगा. त्याची वेळ थोडी चुकली. विमानं आकाशात असताना कुठलं पडलं, वैमानिक कुठे उतरला हे सांगितलं नाही, तर मी सरकारवर रागावणार नाही. त्याला शोधणारे दोन्ही बाजूंचे असतात. पण प्रश्न देशद्रोही कसा? ३१ मे रोजी संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) अनिल चौहान यांनीच सिंगापूरमध्ये विमानं गमावल्याचं मान्य केलं. आकडा दिला नाही, पण चूक काय झाली ते समजून घेऊन पुन्हा उड्डाणं केली, असं सांगितलं. म्हणजे तुमच्या पोराचा प्रश्न फौजेने स्वतःला आधीच विचारला होता! मला खटकलं ते वेगळंच: हे आधी सिंगापुरात ऐकायला मिळालं, आणि लोकसभेत चर्चा झाली ती जुलैच्या अखेरीस.

भावाचंही समजतं मला. आपली माणसं सीमेवर असली की घरातला प्रश्नसुद्धा त्यांना लागेल असं वाटतं. पण शब्द मागे त्यानेच घ्यायला हवा, तो मोठा आहे.

ग्रुपवर काही लिहू नका. भावाला रविवारी जेवायला बोलवा. मुलाला सांगा, विमानांचा विषय काढू नकोस. मामाला विचार, तुझी पहिली पोस्टिंग कुठे होती आणि तिथे बूट कसले मिळाले होते. आमच्या शेजारच्या निवृत्त सुभेदारांना मी हे एकदा विचारलं. दुपारचा चहा झाला तरी सरकारी खरेदीवरचं त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.