प्रार्थना कोरडी पडलीय, विचारू कुणाला?

(पत्राचा सारांश: 'मी वसईची, वय 29. वर्षभर रोजरी (जपमाळेची प्रार्थना), मिस्सा (चर्चमधली उपासना) सगळं चालू आहे, पण आत काही हलत नाही. आलेलं स्थळ मला पसंत होतं, होकार देणारच होते. तेवढ्यात प्रार्थनासभेत एका बाईंनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "हे लग्न देवाला नकोय, तू सिस्टर (संन्यासिनी) हो." कन्फेशनमध्ये (पापांची कबुली देताना) फादरना विचारलं, तर मागे रांग होती, "प्रार्थना कर" एवढंच म्हणाले. आता मार्गदर्शन कुणाकडे मागू?')

आधी त्या बाईंच्या निरोपाचं बघू. त्यावरून स्थळ मोडू नकोस. मन कोरडं नि उदास असताना आधी ठरवलेलं बदलायचं नाही, हा येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा नियम. त्यांनी आपली तीस दिवसांची आध्यात्मिक साधना करवून घेणाऱ्या मार्गदर्शकालाही बजावलंय की साधकाला लग्नाकडे किंवा संन्यस्त जीवनाकडे ढकलू नये, तराजूच्या काट्यासारखं मधे राहावं. त्या साधनेत मुरलेल्या मार्गदर्शकाला जे वर्ज्य, ते या बाईंनी दोन मिनिटांत उरकलं! मुलाकडच्यांना मात्र ताटकळत ठेवू नकोस. दोन महिन्यांची मुदत मोकळेपणी माग.

फादरांवर रागावू नकोस. कन्फेशन पापांच्या क्षमेसाठी असतं, रांग असताना तिथे आयुष्याचा हिशेब मांडता येत नाही. आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणजे वेगळी, ठरवून घेतलेली भेट: साधारण चार ते सहा आठवड्यांनी एकदा, पाऊण ते एक तास. त्यासाठी फादरच हवेत असं नाही. प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टर किंवा प्रापंचिक व्यक्तीही हे करतात. फरक एवढाच की कन्फेशनमधलं धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाही, ते बंधन या बोलण्याला जसंच्या तसं लागू होत नाही. म्हणून गुप्ततेचं पहिल्याच भेटीत विचारून घे.

शोधायचं कुठे? धर्मग्रामाच्या (तुझ्या चर्चच्या) कार्यालयात विचार, वांद्र्याच्या येशूसंघीय रिट्रीट हाऊसमध्ये (एकांत-साधनेच्या केंद्रात) चौकशी कर. फोनवर असं बोल: 'मला नियमित मार्गदर्शन हवंय, समुपदेशन नाही. तीन भेटी घेऊन बघू का?' त्या तीन भेटींत पारख कर. बोलण्यापेक्षा ऐकणं जास्त आहे का? 'प्रार्थनेत नेमकं काय घडतं' हे विचारलं जातं का? निर्णय तुझ्याच हातात राहतो का? नुसत्या भाविकपणावर जाऊ नकोस. अर्धवट शिकलेल्या कन्फेसरांनी (कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी) आपलं नुकसान केलं, असं सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संन्यासिनी, अविलाच्या संत तेरेसा यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पैसे मागणं, बंद खोलीत एकटीला बोलावणं, 'हे घरी सांगू नकोस' असं बजावणं, यातलं एक जरी दिसलं तरी उठून ये.

भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नकोस. रोज रात्री पंधरा मिनिटं बस. दिवसातल्या एकदोन गोष्टींबद्दल आभार मान, पवित्र आत्म्याकडे प्रकाश माग, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने नजरेखालून घाल. चुकलं तिथे क्षमा माग, उद्यासाठी एक छोटी गोष्ट ठरव. वहीत दोनच ओळी लिही: आज मन कशाने उभारी धरून होतं, कशाने सुकलं. लग्नाचा विचार आणि सिस्टर होण्याचा विचार, दोन्हींनंतर तासाभराने काय उरतं तेही नोंद. खुद्द इग्नेशियस यांना हे 1521 च्या लढाईतल्या जखमेनंतर अंथरुणावर पडल्यापडल्या उमगलं: काही स्वप्नं रंगवताना गोड, मागाहून कोरडी, काहींचा आनंद मागेही टिकून राहायचा. महिन्याभराच्या अशा नोंदी मार्गदर्शकासमोर ठेव, बोलणं आपोआप नेमकं होईल.

मार्गदर्शन बिनसतं ते बहुधा आपल्याकडूनच. एकाच वेळी तिघांना विचारायचं आणि आवडेल तेवढं उचलायचं. किंवा मुख्य गोष्ट शरमेपोटी दडवायची नि बाकी सगळं सांगायचं. तुझ्या पत्रात झोपेबद्दल, भुकेबद्दल काही नाही. ती महिनोन् महिने गेली असेल, कामातही लक्ष नसेल, तर मार्गदर्शकाच्या आधी डॉक्टरांकडे जा. कोरडेपणाचं कारण तिथेही सापडू शकतं.

आणि त्या प्रार्थनासभेला महिनाभर सुट्टी दे. रविवारची मिस्सा पुरे.