रोहूची पिल्लं अंग घासतायत? औषधाआधी कल्ले बघा

संगोपन तळ्यातली रोहूची पिल्लं अंग घासतात, पाणी पडतं तिथे तोंड वर काढून जमतात, रोज थोडी मरतात, तर पोटॅशियम परमँगनेट टाकू का, असं तुम्ही विचारलंय. आज टाकू नका.

आधी ऑक्सिजनची शंका फेडून घ्या. पहाटे वर आलेली पिल्लं ऊन चढल्यावर खाली गेली, तर ऑक्सिजन कमी पडतोय. भर दुपारीही वरच राहिली, तर बहुधा कल्ले बिघडलेत.

तपासायला मेलेली पिल्लं घेऊ नका, बरेच परजीवी मेलेल्या माशाला सोडून जातात. मलूल झालेली चार-पाच जिवंत घ्या. कल्ल्याचा तुकडा आणि अंगावरची बुळबुळ काचपट्टीवर तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली 100 पट मोठी करून बघा. गरगर फिरणाऱ्या गोल चकत्या, आत दातेरी कडं, म्हणजे ट्रायकोडिना हा एकपेशी परजीवी. अंग ताणत-आखडत राहणारी बारीक अळी, डोक्याशी चार काळे ठिपके, म्हणजे डॅक्टायलोगायरस. मोठी, सावकाश फिरणारी गोल पेशी आणि आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक दिसलं तर तो इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग.

हे ओळखण्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. इक कातडीखाली असेपर्यंत पाण्यातलं औषध त्याला लागत नाही. पाण्यात मोकळी पोहणारी पिढीच मरते, म्हणून उपचार पुन्हा पुन्हा करावा लागतो. डॅक्टायलोगायरस अंडी घालतो आणि अंडी औषधाला दाद देत नाहीत. ती फुटल्यावर दुसरी मात्रा हवीच. लोक नेमकी हीच चुकवतात आणि 'औषध चाललं नाही' म्हणतात.

ट्रायकोडिनासाठी मी आधी मीठच वापरतो: 2 टक्के द्रावणात एक-दोन मिनिटं, तेही पहिल्यांदा दहा पिल्लांवर. कलंडायला लागली की लगेच साध्या पाण्यात. फॉर्मलीन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण (हजार लिटरला 15 ते 25 मिली), पाण्यातला ऑक्सिजन खातं. कल्ले आधीच खराब असलेल्या पिल्लांना ते एअरेटरशिवाय, म्हणजे पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राशिवाय, देणं म्हणजे मारणंच. बाटलीत पांढरा साका दिसला तर ती वापरूच नका, आणि हातमोजे घालूनच हाताळा.

ट्रायकोडिना जिवाणूंवर पोसतो. उरलेलं खाद्य तळाशी कुजत असेल आणि पिल्लं दाटीनं असतील, तर तो पुन्हा येणारच. आजच खाद्य निम्म्यावर आणा, निम्मी पिल्लं दुसऱ्या तळ्यात हलवायची तयारी ठेवा. फक्त हलवण्याआधी त्यांचे कल्ले स्वच्छ झालेत का ते बघा, नाहीतर रोग दोन तळ्यांत होईल.