कलमी कॅक्टस खुंटापासून (ज्यावर कलम बांधलंय तो खालचा, मुळं असलेला कॅक्टस) काढून स्वतःच्या मुळांवर वाढवता येतो का?

हिरवा असेल तर येतो. पूर्ण लाल किंवा पिवळ्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, खुंटाशिवाय तो उपाशी मरतो. त्याला नव्या खुंटावरच बांधा.

वाढीच्या हंगामात, स्पिरिटने पुसलेल्या पातळ ब्लेडने सांध्याच्या किंचित वर आडवा काप घ्या. आता कापाच्या मधलं वर्तुळ नीट बघा. तिथे खुंटाचा वेगळ्या रंगाचा गाभा दिसला, तर तो संपेपर्यंत पातळ चकत्या काढत जा. बहुतेकांचं इथेच फसतं: तुकडा आत राहिला की मुळं धरत नाहीत, शिवाय कुजायची भीती. कडा तिरप्या तासा, कारण सुकताना मधला भाग आत ओढला जातो. सावलीत किमान दोन आठवडे सुकवून कोरड्या, भरड मिश्रणावर नुसता टेकवा. मुळं दिसल्यावरच पाणी.