आधी चीफ ऑफिसर हो, मग काळा कोट

प्रिय,

तुझं पत्र बारा ते चारच्या वॉचनंतर लिहिलेलं असणार. सेकंड ऑफिसर म्हणून दोन कॉन्ट्रॅक्ट झाली, आता बोट सोडून एलएलबीला बसू का, असं विचारलं आहेस. कायद्याकडे जरूर वळ, पण आत्ता नको. आधी चीफ मेटचं, म्हणजे चीफ ऑफिसरपदाचं पात्रता-तिकीट काढ आणि निदान एक पूर्ण कॉन्ट्रॅक्ट चीफ ऑफिसर म्हणून कर. त्यात दोन-तीन वर्षं जातील, जाऊ देत.

सागरी कायदा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टकरी येतात. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 आदळल्या, कंटेनर समुद्रात तरंगत गेले, बंदराची वाहतूक काही दिवस थांबली. असं प्रकरण लक्षात राहतं. ऑफिसात रोज येतं ते वेगळंच असतं: माल भिजला, माल कमी उतरला, डेमरेज (बोट ठरल्यापेक्षा जास्त वेळ अडकल्याचा आकार) कोणी द्यायचं, बंकर (बोटीचं इंधन) खराब निघालं. मालाच्या भांडणांतले निम्मे कागद तरी चीफ ऑफिसरच्या टेबलावर तयार होतात. त्या कागदांवर तुझी सही अजून झालेली नाही.

माझी झाली होती. स्टील कॉइल भरत होतो. उघड्या जेट्टीवर माल रात्रभर पावसात पडलेला, कडांना गंज धरलेला. मेट्स रिसीटवर, म्हणजे माल बोटीवर घेतल्याच्या पावतीवर, मी तसा शेरा लिहिला. पहाटे एजंट वर आला: "शेरा काढा, शिपर लेटर ऑफ इन्डेम्निटी देतोय." म्हणजे पुढे दावा आलाच तर भरपाई देऊ, असं माल पाठवणाऱ्याचं हमीपत्र. कॅप्टनला पुढच्या बंदराची घाई होती. मी दुसरी रिसीट केली, शेऱ्याविना. तिच्यावरून क्लीन बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल चांगल्या स्थितीत चढल्याचं वाहतूकपत्र, निघालं, ते बघून बँकेने पैसे दिले, आणि सातासमुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात गंजलेलं पोलाद जाऊन पडलं. आठ महिन्यांनी माझा जबाब घ्यायला माणूस आला. त्या व्यापाऱ्याने माल पाहिलाच नव्हता, निव्वळ आमच्या कागदावर विसंबून पैसे मोजले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. ती सही मला आजही बोचते.

पुढे कायदा शिकताना इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलचा 1957 चा एक निकाल वाचला. संत्र्याच्या रसाची जुनी, गळकी पिंपं, तरी क्लीन बिल दिलेलं, आणि बदल्यात हमीपत्र घेतलेलं. कोर्टाने सांगितलं, माल खराब आहे हे माहीत असून तो चांगला असल्याचं लिहून दिलंत, तर त्या हमीपत्रावर पैसे वसूल करता येणार नाहीत. वर्गात इतरांनी नियम उतरवून घेतला. मला ती जेट्टी आठवत होती.

आज फाइल आली की मी डेक लॉग (बोटीची रोजची नोंदवही), मेट्स रिसीट, टॅली (माल मोजल्याची नोंद) आणि स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स (बंदरातल्या कामाच्या वेळांची नोंद) शेजारी शेजारी मांडतो. लॉगमध्ये चार तास पावसामुळे काम बंद, आणि टॅलीत त्याच चार तासांत माल चढलेला! विश्रांतीच्या तासांचं रजिस्टर उघडावं तर बंदरातल्या धावपळीतही प्रत्येकाला नेमकी दहा तास विश्रांती. ते कसं भरतात हे मी तुला सांगायला नको. मात्र इथेच जप. आपल्याला समुद्र माहीत आहे म्हणून त्या रात्री त्या बोटीवर काय घडलं तेही माहीत आहे, असं वाटायला लागतं. तू तिथे नव्हतीस. साक्षीदाराला विचार, आणि उत्तर तुझ्या अंदाजाविरुद्ध आलं तर अंदाज सोड.

कागदावरून आठवलं, एम. व्ही. एलिझाबेथचा निकाल आत्ताच वाचून ठेव. फेब्रुवारी 1984 मध्ये ही परदेशी बोट गोव्यातल्या मुरगाव बंदरातून बिल ऑफ लेडिंग न देताच निघून गेली. पुढे विशाखापट्टणमला ती अटकेत अडकली. मालकांचं म्हणणं, ब्रिटिशकालीन कायदा फक्त देशात येणाऱ्या मालापुरता आहे, बाहेर जाणाऱ्या मालासाठी बोट अडवता येत नाही. 1992 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं. आपला स्वतःचा अ‍ॅडमिरल्टी (सागरी दाव्यांचा) कायदा यायला मात्र 2017 उजाडलं.

त्या कायद्याचं नववं कलम पाठच कर. सागरी धारणाधिकारांत, म्हणजे येणं वसूल व्हायला थेट बोटीवरच लागणाऱ्या हक्कांत, पहिला मान खलाशांच्या पगाराचा, घरी परतण्याच्या खर्चासकट. बोट विकली, झेंडा बदलला तरी तो हक्क बोटीबरोबर जातो. बाकीचे हक्क एका वर्षात संपतात, पगाराचा दोन वर्षांनी. मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या बोटींवर आपल्या कोकणातलीही पोरं असतात. "बोट विकली की देऊ" असं त्यांना सांगत राहतात आणि मुदत सरते. असा फोन आला की आधी बोटीवर लावलेल्या विमा प्रमाणपत्राचा फोटो मागव. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनच्या 2017 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार चार महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगाराची हमी त्यात असते. या कामात फी फारशी नसते. तरी ते कर.

पैशांचंही बोलायला हवं. तीन वर्षांच्या एलएलबीला हजेरी लागते, बोटीवरून ती होत नाही. मग सनद, बार एक्झाम, आणि सीनियरच्या चेंबरमध्ये पहिली काही वर्षं तुझ्या आजच्या पगाराच्या जवळपासही नसलेलं उत्पन्न. चीफ ऑफिसरच्या पगारातून ही तजवीज कर. वकिली नकोच वाटली तर पी अँड आय क्लबांच्या (बोटमालकांच्या परस्पर विमा संस्थांच्या) क्लेम्स विभागातही तुझ्यासारख्यांना जागा आहे.

पुढच्या लोडिंग पोर्टला चीफ ऑफिसरला विचारून मेट्स रिसीट होताना शेजारी उभी राहा. शेरा कोणत्या शब्दांत लिहिला, एजंट काय म्हणाला, शेवटी काय राहिलं, ते रात्री वहीत टिपून ठेव. साइन ऑफ होऊन बोटीवरून उतरलीस की वही घेऊन फोर्टात ये. हायकोर्टात अ‍ॅडमिरल्टीचं काम ज्या दिवशी असेल, त्या दिवशी मागच्या बाकावर बसून ऐकू.

तुझा,
सर